परबकाकांच्या खिशातली साखर

आमच्या बाळकुमच्या सोसायटीत मुंग्या कुठून येतात, असं कुणी विचारलं तर परबकाकांच्या खिशातून, असं खुशाल सांगावं. शर्टाच्या खिशात साखरेची पुडी हे त्यांचं कायमचं. लग्नाला, मयताला, मतदानाला, कुठेही. इस्त्रीवाला त्यांचे शर्ट आधी झटकतो आणि मग हिशेबात धरतो.

काकांना स्वतःला डायबेटिस नाही बरं का. आहे तो त्यांच्या मुलीला, शलाकाला, ती सात वर्षांची असल्यापासून. तिची शुगर एकदम खाली गेली तर तोंडात घालायला ती पुडी. काका खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. जन्मभर माइकवरून गाड्या सोडल्या, त्यामुळे घरातही तीच भाषा. शुगर नीट असली की "गाडी वेळेवर." खाली चालली की "घाट उतरतेय, ब्रेक लावा." आमच्याकडे पूजेला शलाकाच्या पानात शिरा वाढला की हे डोळे बारीक करून बघणार आणि इन्सुलिनच्या हिशेबासाठी त्यातले कार्ब्स सांगणार, "तीस ग्रॅम." मग माझ्या पानाकडेही तसंच बघणार. माझ्या शिऱ्याशी या माणसाला काय करायचंय? पण एकदा त्या नजरेला घाबरून मीसुद्धा पुरी परत ठेवलेली.

मागच्या वर्षी शलाकाने यंत्र बसवून घेतलं. दंडावर सेन्सर, पोटाला पंप. सेन्सर शुगर बघतो आणि त्यानुसार पंप आपला आपण इन्सुलिन कमी-जास्त करतो. काय खाल्लं तेवढं तिने त्याला सांगायचं. काकांचं पहिल्या दिवसापासून त्याच्याशी वाकडं. "नवीन ड्रायव्हर आहे. घाटाचा अनुभव काय याला?"

शुगरचा आकडा काकांच्या फोनवरही दिसायचा. मग काय, दिवसभर फोन हातात. आकडा जरा उतरला की घोडबंदरला तिच्या ऑफिसात फोन. पोरगी मीटिंगमधून बाहेर येऊन बोलेपर्यंत पंपाने इन्सुलिन थांबवलेलं असायचं आणि आकडा सावरलेला असायचा. काका हिरमुसायचे. मुलीची शुगर नीट आहे म्हणून तोंड पाडून बसणारा बाप मी तरी हा एकच बघितला.

यंदा शलाकाने जाहीर केलं की मैत्रिणींबरोबर दापोलीला जाणार, एसटीने, चांगले चार दिवस. मला वाटलं, आता महाभारत. तर कसलं काय. काका दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले आणि फोन माझ्यासमोर ठेवला.

"मीना, यातलं ते शुगरचं काढून टाक. असलं की मी तिला फोन करणार. सुखाने फिरू देणार नाही."

मी म्हटलं, अहो राहू दे, लांब चाललीय पोर. तर म्हणाले, मैत्रिणींना सगळं शिकवलंय तिने. मग आपणहून सांगायला लागले. शलाका सहावीत असताना शाळेची सहल निघालेली. ती रडली, जेवली नाही, काकूंनीही विनवलं. काकांनी पाठवलं नाही. सहलीच्या गाड्या खोपटहून सुटल्या आणि ड्यूटी नेमकी काकांची.

"तिच्या वर्गातली पोरं खिडकीतून मला हात करत होती. मी गाडी सोडली गं. माझी पोर घरी बसवून. पुढच्या वर्षीही नाहीच म्हटलं. मग तिने विचारायचंच सोडलं."

मी समजूत घालायला म्हटलं, तेव्हा हे यंत्र कुठे होतं काका?

"असतं तरी मी पाठवली नसती," ते म्हणाले. "भीती माझी होती, आणि घरात बसली ती."

 मी ते शुगरचं फोनमधून काढून टाकलं.

गाडीच्या दिवशी सकाळी मीही खोपटला गेलेले. शलाका खिडकीत बसलेली, पंप ओढणीखाली, तोंड नुसतं फुललेलं. काकांचा हात दोनदा खिशाकडे गेला आणि दोनदा रिकामा खाली आला. तिच्या बॅगेत ग्लुकोज होतंच. गाडी निघाली तशी तिने हात केला. काकांनीही केला, गाडी वळून दिसेनाशी झाली तरी करत राहिले.

परत येताना रिक्षात त्यांनी पुडी सोडली. थोडी साखर माझ्या हातावर ठेवली, थोडी स्वतःच्या तोंडात टाकली.

"गाडी सुटली," म्हणाले, "पंधरा वर्षं लेट." आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागले.