वावधन उर्फ तुफान

१४ मे १९८४, दुपारी साडेचारची वेळ. कंपार्टमेंट ११२ मधलं सागाचं एक झाड पडलं. वनरक्षक डोमा कुळमेथे तेव्हा शंभर पावलांवर मोहाच्या बुंध्याला बिलगून उभा होता. त्यानं ते पडताना पाहिलं. या प्रकरणात निर्विवाद आहे ते एवढंच.

विभागाचे नवे साहेब मद्रासकडचे होते. त्यांना मराठी येत नव्हती आणि वनरक्षकांवर त्यांचा विश्वास नव्हता. चोरीला गेलेला साग कागदावर नेहमी वादळातच पडतो, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून त्यांचा हुकूम होता: अहवाल इंग्रजीत लिहायचा आणि थेट आपल्याकडे पाठवायचा. डोमाच्या बढतीचा कागदही त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडून होता.

डोमा रेंज ऑफिसातल्या गुणवंतराव बाबूंकडे गेला.

"भाऊ, झाड पडलं याले इंग्रजीत काय म्हंतेत?"

"फॉल. होऊन गेलं असन तं फेल."

"फेल?"

"हो. एफ, ई, दोन एल."

मॅट्रिकला दोनदा बसलेल्या डोमाला हा शब्द काही बरा वाटला नाही. शिवाय होऊन गेलेल्या कामाला मागं ई-डी लागते, हे मास्तरांनी छडीनं शिकवलेलं त्याच्या पक्कं लक्षात होतं. गुणवंतराव त्याच संध्याकाळी पुतणीच्या लग्नाला रजेवर गेले, आणि डोमानं घरी बसून ई-डी लावली. पडलं आणि पाडलं यांत मराठीत एका कान्याचा फरक. इंग्रजीत तो नेमका त्या दोन अक्षरांचा होता. फेल म्हणजे पडलं. फेल्ड म्हणजे कोणीतरी पाडलं.

वादळाचा इंग्रजी शब्द आठवेना, तेव्हा त्यानं गावातला 'वावधन' हाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला. पहिलं अक्षर मानानं मोठं काढलं. साहेबांच्या हाती पोचलेल्या मजकुराचा अर्थ असा झाला: 'वावधन याने सागाचे झाड पाडले. तो राजुऱ्याकडून आला व बल्लारपूरकडे गेला. मी पाहत होतो.'

चौथ्या दिवशी फिरत्या पथकाची जीप आली. पथकाचे प्रमुख महिन्यापूर्वीच रत्नागिरीहून बदलून आलेले.

"वावधनला ओळखतोस?"

साहेबांना आपल्या वादळाचीच शंका आली, असं डोमाला वाटलं. तो मोजूनमापून बोलू लागला.

"त्याले कोन नाई ओळखत, साहेब."

"मग अडवलं का नाहीस?"

"कोन अडवन त्याले?"

"इतकी दहशत?"

शेजारची बायनाबाई कुंपणाशी उभी होती. ती म्हणाली, "माह्या घरावरचे कवेलू नेले न त्यानं, बावा. दरसाली नेते."

प्रमुखांनी घरफोडीची वेगळी नोंद केली. "तक्रार केली होती?"

"केली न. पटवारी आला, छपराकडं पाह्यलं, चहा पेला, गेला."

"आणि वावधन मोकळाच?"

बायनाबाई डोमाकडे वळली. "हे साहेब कुठचे रे?"

डोमा घाईनं मधे आला. "साहेब, वावधन म्हंजे तुफान."

प्रमुखांनी लिहिलं: वावधन उर्फ तुफान.

"तसं नाई, साहेब. वारा. वाऱ्यानं झाड पडलं."

"वाऱ्याची गोष्ट मला सांगू नकोस. सगळे गार्ड तीच सांगतात. तुझ्या सहीनं पाडलं असं लिहिलंयस."

झाड पाहिलं, तर ते मुळासकट उपटलेलं. आरोपी एकटा नसावा, असा शेरा पडला.

२१ मे रोजी आदेश आला. वावधनचा माग लागेपर्यंत डोमा निलंबित, बढती स्थगित. रजेवरून परतलेल्या गुणवंतरावांनी कपाळावर हात मारला. ई-डी खोडून त्यांनी दुरुस्तीचा कागद पाठवला. तो साहेबांच्या लाल शेऱ्यासह परत आला: 'आरोपीचे नाव कळल्यानंतर पुरावा बदलण्याचा प्रयत्न. बाबूचीही चौकशी व्हावी.'

त्यानंतर गुणवंतरावांनी कोणालाही इंग्रजी शब्द सांगणं बंद केलं. डोमा मात्र रोज दुपारी अंगणात उभा राहून राजुऱ्याकडचं आभाळ पाहू लागला.

२ जून, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. बल्लारपूरच्या वाटेवरच्या नाक्यावरून पहारेकरी इसरूचा फोन विभागीय कार्यालयात आला: "वावधन आलं होतं. नाक्याचा आडवा बांबू पडला."

तासाभरात साहेबांचा लेखी प्रश्न आला. फेल की फेल्ड?

इसरू तो कागद घेऊन सायकलनं डोमाकडे आला. डोमानं कागद दोनदा वाचला. फेल्ड लिहिलं, तर वावधनचा माग लागला असं ठरतं आणि डोमा कामावर जातो. पण मग, आरोपी समोर असताना अडवला का नाही, हे इसरूला विचारलं जाणार.

"डोमाभाऊ, दोघांत बरं कोनतं?"

"तुह्यासाठी का माह्यासाठी?"

इसरूनं कागद परत मागितला. डोमानं तो खिशात घातला. "बस न जरासा. चहा ठेवून राह्यलो."

साहेबांना उत्तर अद्याप मिळालेलं नाही.