चिकटलं ते चांगलं

शिशाचा पाइप ओळखायला प्लंबर कशाला हवा? एक नाणं, एक चुंबक आणि माझ्यासारखं डोकं असलं की झालं! शनिवारी सकाळी मी बायकोला हे ठणकावून सांगितलं.

निमित्तही तसंच होतं. दुपारी मुलगी येणार होती, पाच महिन्यांच्या नातीला घेऊन. नात बाटलीचं दूध पिणारी. म्हणजे दुधाच्या पावडरीत आमच्याच नळाचं पाणी पडणार! आमचं घर जुनं, आणि नेमकं पाणीखात्याचं पत्रक आलेलं : जुन्या पाइपांत शिसं असू शकतं, ते पाण्यात उतरतं, तान्ह्या मुलांना फार वाईट.

"अहो, प्लंबरला बोलवा ना," बायको म्हणाली.

"अगं, पोरखेळ आहे! शिसं नाण्याने खरवडलं की मऊ लागतं आणि चांदीसारखं चकाकतं. चुंबक त्याला चिकटत नाही. थोडक्यात, चिकटलं ते चांगलं!"

फ्रिजवरचा चुंबक काढून मी बाथरूममध्ये शिरलो. पाइपाला लावला, तर टपकन खाली! नाण्याने खरवडलं, तर पांढऱ्या रंगाखाली लख्ख चांदी! मऊ का कडक, हे बघायला धीर कुणाला होता?

"सापडलं!" मी इतक्या जोरात ओरडलो की बायकोच्या हातातला झारा पडला.

मग स्वयंपाकघर. तिथला पाइप ओट्याखाली, पुढे डब्यांची फौज, आणि माझी कंबर तर वाकायचं नावच घेईना. डब्यांच्या मागे हात घालून चुंबक पुढे केला. खट्! चिकटला. आता खरवडायचं कशाला?

बाथरूमच्या नळाला मी चिकटपट्टीचे वीस वेढे दिले, वर 'धोका! शिसं!' अशी पाटी डकवली आणि स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्याने चौदा बाटल्या नातीसाठी भरून ठेवल्या.

"आणि मी आंघोळ कुठे करू?" बायकोने विचारलं. वेढे सोडवता सोडवता तिचं नख तुटलं, आणि तिने सरळ प्लंबरला फोन लावला.

प्लंबरने बाथरूमच्या पाइपावर टिचकी मारली. "काका, हा प्लास्टिकचा आहे."

"मग ती चांदी?"

"रंग आहे. कुणीतरी आधी चंदेरी मारलाय, वरून पांढरा."

"कुणीतरी!" बायको म्हणाली. "राजवाड्यासारखं दिसेल म्हणून कोण चढलं होतं स्टुलावर?"

मी छताकडे बघू लागलो.

प्लंबर मग ओट्याखाली सरपटला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

"काका, चुंबक कशाला लावलात?"

"पाइपाला!"

"पाइपाला नाही, पाइप धरणाऱ्या लोखंडी पट्टीला." त्याने नाणं फिरवलं. मऊ. चकचकीत. "हे बघा तुमचं शिसं."

चौदा बाटल्या! एक जरी त्या पोरीच्या पोटात गेली असती तर? "उकळून घेऊ!" मी म्हणालो.

"उकळून शिसं जात नाही, काका. ओतून टाका. पाइप मी संध्याकाळपर्यंत बदलतो. तोवर बाथरूमचं पाणी वापरा, ती लाइन थेट रस्त्यापासून नवी आहे."

तेवढ्यात बेल वाजली. मुलगी दारात, नात खांद्यावर आणि भुकेने टाहो! आम्ही तिघं बाथरूममध्ये धावलो. मी दाताने चिकटपट्टी तोडत होतो, बायको पातेलं धरून उभी होती आणि प्लंबर 'हळू, काका, हळू' म्हणत होता.

अखेर नातीच्या तोंडात बाटली गेली आणि घर शांत झालं. माझाही जीव भांड्यात पडला. पाटी घेऊन मी गुपचूप स्वयंपाकघराकडे निघालो.

"द्या इकडे," बायको म्हणाली. "तुम्ही पुन्हा भलतीकडेच लावाल."

तिने पाटी घेतली आणि माझ्या छातीवर थापली. नातीने बाटली सोडली, माझ्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. पाटी घट्ट चिकटली होती. नियम माझाच होता!