परशुरामाची शिट्टी

"चार दिवसांत हा पोपट माझा केला न्हाई, तर मिशी उतरवीन," परशुरामानं चुलीपुढं बसून जाहीर केलं. सावित्रीला ते ऐकूच गेलं नाही. ती पिंजऱ्यातल्या राखाडी, पिवळ्या तुऱ्याच्या पाहुण्याला नाचणी भरवत होती.

दुखणं इथंच होतं. लेक वैष्णवी लग्न होऊन बेळगावला गेली आणि आईला घर खायला उठू नये म्हणून तिनं हा परदेशी पोपट धाडला. सावित्रीनं त्याचं नाव ठेवलं राजा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी परशुराम तिच्या तोंडी अजून 'आवो', आणि काल आलेला पोपट राजा! नाकाला मिरच्या झोंबणार नाहीत तर काय?

तरी एवढं त्यानं गिळलं असतं. पण राजानं त्याची शिट्टी चोरली.

त्यांच्या गावात, नंदिगड्ड्यात, घरं रानात विखुरलेली. परशुरामाचं शेत ओहोळापल्याड, घर टेकाडावर. हाक पोचत नाही, शिट्टी पोचते, आणि ज्याची त्याची शिट्टी वेगळी. परशुरामाची म्हणजे दोन लांब आणि शेवटी एक गिरकी. निघालो, चहा ठेव, असा तिचा अर्थ. मग सावित्री अंगणाच्या कडेला येऊन 'कूऽऽ' असा जाब द्यायची. त्या एका कूच्या जोरावर गडी सगळी चढण चढून यायचा.

आता राजा दिवसभर तीच शिट्टी घालायचा आणि सावित्री परसातून, विहिरीवरून त्याला कू द्यायची. परशुरामालाही कू मिळायची, पण ती आपली की त्याची हे घरी येऊन चूल बघितल्याशिवाय कळेना. चूल थंड असायची.

शेवटी रेंज मिळते तिथवर चढून त्यानं लेकीला फोन लावला.

"तुझा पोपट माझी शिट्टी मारतोय."

"बाबा, थव्यातला पक्षी हाय तो. आपलं माणूस दिसेनासं झालं की साद घालतो. जाब मिळाला की त्याला बरं वाटतं."

"मलाबी बरं वाटायचं."

"काय म्हणालात?"

"काय न्हाई. त्याला आपला कसा करायचा ते सांग."

"संगं बसा. गप असला की दाणा द्या, वरडला म्हणून देऊ नका. ज्याची सोबत जास्ती, त्याचा तो."

परशुराम बसला. शेताची कामं सोडून बसला. दाणे चारले, भाकरीतला वाटा दिला, भावकीतली सगळी भांडणं सांगितली. राजानं मान वाकडी करून ऐकून घेतलं. इतकं तर सावित्रीनंही कधी ऐकलं नव्हतं. चौथ्या दिवशी राजा त्याच्या खांद्यावर बसून मिशी विंचरू लागला, आणि सावित्रीनं दाणा पुढं केला तर त्यानं पाठ फिरवली. परशुरामाची छाती फुगली.

पण आता परशुराम दाराबाहेर पडला की राजा घर डोक्यावर घेई. म्हणून पिंजरा शेतावर न्यावा लागला, फणसाच्या फांदीला टांगावा लागला. संध्याकाळी परशुरामानं शिट्टी घातली. फांदीवरून लगेच तशीच शिट्टी परत आली. त्यानं पुन्हा घातली, राजानंही पुन्हा. टेकाडावरून मात्र कू नाही.

पिंजरा घेऊन घरी आला तर चूल थंड आणि सावित्री ओसरीवर पान लावत बसलेली.

"शिट्टी आयकली न्हाईस?"

"आयकली की. जाबबी आयकला. तुमाला तिथंच जाब मिळतोय, मग मी कशाला उठू?" एवढं बोलून तिनं पान तोंडात कोंबलं. पिंजऱ्याकडं तिनं बघितलंही नाही.

करायला गेला गणपती, झाला मारुती. परशुराम पिंजरा ओसरीवर टांगून आत गेला, चूल पेटवली, चहा उकळला. मग राहवलं नाही म्हणून आतूनच हळूच शिट्टी घातली, दोन लांब आणि एक गिरकी.

बाहेरून जाब आला, "कूऽऽ."

गडी विरघळला. दोन कप घेऊन धावत बाहेर आला. सावित्रीचं तोंड पानानं भरलेलं होतं. तिनं नुसती हनुवटीनं पिंजऱ्याकडं खूण केली.

मग अंगणात जाऊन ती पान थुंकून आली.

"तुमचं नि माझं, दोनी यायला लागलं त्याला," तिनं कप घेतला. "चहा तेवढा येत न्हाई. तो उद्यापास्नं तुमी करा." एक घोट घेऊन ती म्हणाली, "साखर कमी हाय."

पैज जिंकलेला परशुराम मिशीवरून हात फिरवत साखर आणायला आत गेला.