शोकेसमधला राजवाडा

"बाबा, आजचा एक दिवस भाव करायचा नाही. माझी शपथ आहे," लेकीने गाडीतून उतरतानाच बजावलं, आणि मीटरशेटचा अर्धा जीव तिथेच गेला.

बाजारात त्यांना सगळे मीटरशेटच म्हणत. कापडाचं दुकान होतं आणि घासाघीस हा त्यांचा श्वास होता. पण आज प्रसंगच तसा होता. लेकीने स्वतः मुलगा पसंत केला होता. दातांचा डॉक्टर, गुणी, हळू बोलणारा. घोडं अडलं होतं त्याच्या आईच्या होकारावर. आई निवृत्त मुख्याध्यापिका. चष्म्यावरून नुसतं बघितलं की समोरच्याला न केलेला गृहपाठ आठवावा, अशी बाई. दोन्ही घरांची ओळख व्हावी म्हणून मुलांनी या खेळनगरीच्या रिसॉर्टवरचा दिवस ठरवला होता. मीटरशेटची बायको दुकान सांभाळायला मागे राहिली होती, त्यामुळे त्यांना आवरायला आज शपथेशिवाय कोणी नव्हतं.

दुपारपर्यंत त्यांनी ती पाळली. पाण्याच्या बाटलीची किंमत ऐकून त्यांनी आवंढा गिळला आणि तेवढ्यावरच तहान भागवली. घरचा डबा फाटकावरच काढून घेतलेला. चक्रीपाळण्यातून उतरल्यावर बाई म्हणाल्या, "काहीतरी खायला हवं." समोर रिसॉर्टची बेकरी होती.

"तुम्ही सगळे निवांत बसा, मी आणतो," मीटरशेट म्हणाले. "खरेदीतलं मला कळतं."

आत भिंतीवरचा फलक वाचून त्यांना घाम फुटला. इथल्या एका बनपावाच्या पैशात त्यांच्या दुकानात अख्खा शर्ट बेतून मिळाला असता, बटणांसकट. पण शपथ! मग त्यांनी मनाशी ठरवलं, पैसे जायचेच आहेत तर माल तरी अव्वल घ्यायचा. काचेच्या शोकेसमध्ये तीन मजली राजवाड्याचा केक होता. गुलाबी बुरूज, त्यावर साखरेचे झेंडे, आणि चकाकी अशी की त्यात बघून भांग पाडून घ्यावा.

"हा द्या."

सशाचे कान लावलेली विक्रेती हसली. "आतून ताजा आणते हं, काका."

"आतला नको. हाच."

"अहो, तो शोचा आहे."

"म्हणूनच हवाय! ताई, माझी हयात दुकानात गेली. चांगला माल पुढे मांडायचा आणि गिऱ्हाइकाला मागचा बांधून द्यायचा, हे मला शिकवू नका."

"काका, पण तो—"

"काढा!"

मागे रांग लांबत होती, कोणाचंतरी पोर भोकाड पसरून बसलं होतं. विक्रेतीने मॅनेजरकडे बघितलं. गळ्याला बो लावलेला मॅनेजर घाईघाईने म्हणाला, "दे गं. लोक आठवण म्हणून नेतात. शोभेच्या वस्तूचा भाव लाव."

'आठवण राहील असा केक' असा त्याचा अर्थ लावून मीटरशेट खूश झाले. बिल बघितलं तर आकडा फलकावरच्यापेक्षा तिप्पट! त्यांचं तोंड उघडलं, लेकीची शपथ आठवली, मिटलं.

टेबलावर राजवाडा ठेवून त्यांनी आधी प्रवचन दिलं. पुढचा माल कोणता, मागचा कोणता, गिऱ्हाइकाने कसं फसायचं नाही. बाई काटा हातात धरून ऐकत होत्या. मग मीटरशेटनी सुरी लावली. सुरी मोडली.

"थंड आहे. जरा आवळून बसलाय," मीटरशेट म्हणाले.

दुसरी सुरी वाकली. लेकीने कपाळाला हात लावला. जावई होऊ घातलेला डॉक्टर उठला, त्याने चमच्याच्या दांड्याने बुरुजावर टकटक केलं आणि कान लावला.

"काका," तो अगदी पेशंटला सांगावं तसं हळू म्हणाला, "हे प्लॅस्टर आहे. दातांचे साचे करतो ना आम्ही, तेच."

मीटरशेटना खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं. लेकीचे डोळे भरून आले होते. देवा, माझी फजिती होऊ दे हवी तेवढी, पण पोरीचं जुळलेलं मोडू नकोस!

बाईंनी काटा खाली ठेवला. "किती दिले?"

खोटं बोलायची सोय नव्हती. त्यांनी बिलच पुढे सरकवलं.

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"भाव करायचा नाही म्हणून लेकीने शपथ घातलीय."

बाईंनी चष्मा पुसला. "मलाही आमच्या याने घातलीय. फाटकापासून जीभ चावून बसलेय मी." मग त्या उठल्या. "चला."

"आई, प्लीज!" डॉक्टर म्हणाला. पण राजवाडा बाईंच्या काखेत गेलेला होता.

"प्लॅस्टर खायला देता?" बाईंनी काउंटरवर खालच्या पट्टीत सुरुवात केली.

"मॅडम, त्यांनी हट्टाने मागितला."

"मुलं खडूसुद्धा मागतात. द्यायचा असतो का?"

सगळी रांग हसली. मॅनेजर बो सैल करत म्हणाला, "परत घेत नाही. फार तर बदलून देतो."

"बदलून द्या. वर फरकाचे पैसे द्या. दोन सुऱ्या मोडल्या, माणूस थोडक्यात बचावला. दात पडला असता तर?" बाईंचा आवाज चढत गेला. मीटरशेट आधी तल्लीन होऊन ऐकत राहिले. मग त्यांनाही राहवेना. "आणि बदलून देताय तो सकाळचाच ना? कडा बघा, सुकल्यात. मग अर्धाच भाव!" तिथून एकाने उचलावं नि दुसऱ्याने वर न्यावं, असं चाललं. मॅनेजरने शेवटी केक दिला, फरक दिला, वर चार बनपाव घातले आणि हात जोडले.

विजयी होऊन दोघं वळले तर टेबल रिकामं. मुलं पार कोपऱ्यातल्या टेबलावर, मेनूकार्डाआड तोंडं लपवून बसली होती. मघाशी चौघांना एकत्र बघितलेली विक्रेती राहिलेले सुटे पैसे घेऊन मुलांकडे गेली.

"ते काका आणि त्या मॅडम तुमच्याबरोबर आहेत का?"

"नाही!" दोघं एकाच दमात, एकाच सुरात ओरडले.

बाईंनी चष्म्यावरून तिकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि केकचा मोठा तुकडा मीटरशेटच्या बशीत वाढला.

"घ्या, व्याही," त्या म्हणाल्या. "पोरांचं एकमत किती छान आहे!"