डर्बीची दृष्ट

महालक्ष्मीची डर्बी म्हणजे घोड्यांच्या शर्यतींमधली पट्टराणी, आणि यंदा त्यात आपली लेक मनस्वी घोड्यावर बसणार, हे दिनानाथनं विचुंबे गावात एकूण एका माणसाला सांगून झालं होतं. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये अर्धी आळी टीव्हीसमोर बसली. लॉऱ्यांची धूळ नको म्हणून खिडक्या बंद, एसी चालू.

“घोऱ्याला जलमात एकदाच मिलते ही शर्यत,” दिनानाथ ऐटीत म्हणाला. “चार वर्षांचा असतानाच. अडीच मिन्टांत खेल खलास!”

“अडीच मिन्टां?” शेजारची ठमाबाई म्हणाली. “त्यासाठी मी सुकट उन्हात टाकून आले?”

दिनानाथनं ऐकलंच नाही. लेकीला पळताना एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच त्याला हवं होतं.

पडद्यावर मनस्वी आली. पिवळा सदरा, खाली उंच काळा घोडा. हजारो माणसं तिच्याकडे बघत होती, आणि ते बघून तिची आई गुणाबाई ताडकन उठली.

“अगो बाय! येवऱ्या लोकांची नजर!”

शर्यतीच्या बैलांचीसुद्धा दृष्ट काढणारी बाई ती, लेकीची काढल्याशिवाय राहते होय! तिनं देव्हाऱ्यातलं पेटतं धुपाटणं आणलं, मीठमिरच्या टीव्हीवरून ओवाळल्या आणि सगळ्या निखाऱ्यांवर टाकल्या.

“गुणा, बंद खोलीत...” दिनानाथचं पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. तिकडे घोडे सुटले, इकडे आळी सुटली, ती थेट जिन्यात.

“ठसका लागला! म्हंजे दिष्ट नव्हतीच!” गुणाबाई खोकत खोकत हरखली.

दिनानाथ चाचपडत टीव्हीकडे परतला, तेव्हा जाहिरात चालू होती. वर्षभर वाट पाहिलेली शर्यत मिरचीत गेली! त्याला रडूच आलं. धुरामुळे कुणाला कळलं नाही, हेच नशीब.

थोड्या वेळानं मनस्वीचा फोन आला. आवाज रडवेला होता.

“बाबा, सगल्यांनी बघितलं?”

थाप मारावी असं त्याला क्षणभर वाटलं. “नाय गो बाय. तुज्या आयेनं मिरच्या जालल्या. कोनीच नाय बघितलं.”

“कोनीच?”

“ठमाबाईनंपन नाय.”

पलीकडे मनस्वीनं नाक ओढलं. मग पोरगी खुदकन हसली. “बरं झालं, बाबा! मी शेवटची आले.”

गुणाबाईनं फोन ओढून घेतला. “घोऱ्यावरून परली नायस ना गो?”

“नाय, आये.”

“मंग झाला तर! ये घरी, आमी जेवायला थांबतो.”

“कितवी आली मनस्वी?” ठमाबाईनं जिन्यातून ओरडून विचारलं.

दिनानाथनं डोळे पुसले.

“आली, वयनी,” तो म्हणाला. “आमची आली.”