पाणी उतारावर सांडू नये

दादा घरी आला तेव्हा त्याच्या दहाही बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. वहिनीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"कुणाशी भांडलात?"

"शिंपल्यांशी," दादा म्हणाला आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

तळ्यातलं पाणी ओढून गावाला पाजायचं, हे काम दादा पंपहाऊसवर एकतीस वर्षं करत होता. त्या दिवशी पंप धापा टाकायला लागला, म्हणून त्याने मोठ्या पाइपाच्या तोंडावरची जाळी वर ओढली. पाहतो तर जाळीचं भोक म्हणून दिसेना. नखाएवढे पट्टेरी शिंपले एकावर एक चिकटून बसले होते. आत हात घातला तर पाइपभर तेच, आणि प्रत्येकाला ब्लेडची धार!

धाकटा भाऊ ताडकन उठला. "शक्य नाही! माझ्या हातून एकसुद्धा होडी सुटलेली नाही!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. डोंगरापलीकडच्या मोठ्या तळ्यात हे परके शिंपले शिरल्यापासून तिथले मासे संपले होते आणि लोक टँकरचं पाणी पीत होते. ती पीडा होडीच्या बुडाला चिकटून इकडे येऊ नये, म्हणून कचेरीने धाकट्याला धक्क्यावर बसवला होता. पाण्यात उतरणारी प्रत्येक होडी तो तपासायचा, खरवडायचा आणि बादलीभर पाण्याने धुऊन काढायचा. सख्ख्या सासऱ्याची होडी त्याने रंग निघेपर्यंत घासली होती. सासरा त्यानंतर लेकीला भेटायला आला नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीतले साहेब पंपहाऊसवर आले, नाकाला रुमाल लावून.

"जाळी वेळेवर तपासली नाही, असा रिपोर्ट जाणार तुमच्यावर," ते दादाला म्हणाले.

"साहेब, जाळी दर सहा महिन्यांनी काढायची, हा तुमचाच नियम. माझ्या निवृत्तीला सात महिने राहिलेत हो!"

"मग हे शिंपले कुणी आणले ते सांगा. सोमवारपर्यंत त्याचं नाव द्या, नाहीतर तुमचं नाव जाईल."

धाकट्याने ऐकलं आणि छाती ठोकली. "दादा, तू काळजी करू नकोस. चोराला हजर करतो!"

झालं! स्वारी कामाला लागली. दोन वर्षांची रजिस्टरं पालथी घातली. चौदाशे बारा होड्या, चौदाशे बारा वेळा धुतल्याची खूण. मग कोण? पहिला संशय दातांच्या डॉक्टरांवर आला, कारण त्यांनी होडी धुताना नको इतकं गोड हसून आभार मानले होते. धाकट्याने त्यांच्या घरी जाऊन न्हाणीघर तपासलं, फुलझाडांच्या कुंड्या उपसल्या. हाती एक गोगलगाय लागली. ती त्याने पुरावा म्हणून ठेवून घेतली.

शुक्रवारपर्यंत गावातली एकूण एक होडी काठावर उपडी पडली होती. मासे धरणाऱ्या म्हाताऱ्याचीही.

"अरे मेल्या, माझी होडी जन्मात या तळ्याबाहेर गेलेली नाही!" म्हातारा ओरडला. "खायचं काय मी?"

"चौकशी चालू आहे, आजोबा."

"तुझी चौकशी होईस्तोवर माझी तिरडी बांधायची वेळ येईल!"

इकडे नळाला पाणी तासभर यायचं ते अर्धा तास यायला लागलं, मग नुसती करंगळीएवढी धार. दवाखान्यात बादल्यांनी पाणी न्यायची पाळी आली. दादा रोज पाइपात उतरायचा, रोज खरवडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर कालच्यापेक्षा जास्त. जेवताना त्याला घास धरता येईना. वहिनी त्याला भरवायची आणि तोंडाने सगळ्या कचेरीचा उद्धार करायची.

रविवारी दुपारी ती धाकट्याचा डबा घेऊन धक्क्यावर आली. तो नुकताच एका परगावच्या होडीशी झटून उठला होता.

"भावोजी, हे खरवडलेले शिंपले कुठं जातात हो?"

"पोत्यात. रोज संध्याकाळी खड्ड्यात पुरतो, वर चुना टाकतो." त्याचा आवाज अभिमानाने भरून आला.

"आणि हे बादलीतलं पाणी?"

"पाण्याचं काय? पाणी तळ्यात." त्याने बादली उचलली आणि बोलता बोलता धक्क्याच्या कडेवरून ओतून टाकली. "उतारावर सांडायचं नाही. पाटी आहे ना!"

पाटी होती खरी. 'धुण्याचे पाणी उतारावर सांडू नये. आज्ञेवरून.' खाली साहेबांची सही. दोन वर्षांपूर्वी धक्क्यामागच्या, तळ्यापासून दूर गावाकडे उतरणाऱ्या त्या ओल्या उतारावर साहेब चार लोकांदेखत पाठीवर आपटले होते, तेव्हापासूनची.

वहिनी पाण्याकडे बघत राहिली. "पण भावोजी, तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, की त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, चमचाभर पाण्यातसुद्धा असतात?"

धाकट्याच्या हातातली बादली खाली पडली. चौदाशे बारा होड्या! चौदाशे बारा बादल्या! कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि तेही नियमाला धरून, रजिस्टरात खूण करून. त्याला ढसाढसा रडू आलं.

सोमवारी तो साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, चोर मीच. दादाचं नाव कापा. ती पाटी वाचून मी पाणी..."

"पाटी?" साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. "हे बघा, पक्षीसुद्धा आणतात शिंपले. रिपोर्टमध्ये पक्षी लिहू."

"आणि दादा?"

"त्यांना कोण काढतंय? आता रोज खरवडावं लागणार, कायमचं. हे शिंपले काही जात नाहीत. निवृत्तीनंतरसुद्धा ठेवून घेऊ त्यांना." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तुम्हाला बढती! डोंगराखालचं तळं अजून स्वच्छ आहे. तिथं तुमच्यासारखा अनुभवी माणूस हवा. जीप उभी आहे. सामान घ्या आणि निघा."

धाकटा निघाला. काय करणार? बादली त्याने आठवणीने मागे ठेवली, ब्रशही ठेवला. अर्ध्या वाटेवर त्याचं लक्ष आपल्या पायांकडे गेलं. दोन वर्षं त्या पाण्यात भिजलेले गुडघ्याएवढे रबरी बूट. त्याने वाकून घडीत बोट घातलं. तिळाएवढं काहीतरी टोचलं.

"गाडी वळव," तो ड्रायव्हरला म्हणाला.

दादा पाइपाच्या तोंडाशी उतरायच्या बेतात होता. धाकटा बूट काढून अनवाणी येऊन उभा राहिला.

"काय रे, विसरलास काही?"

"दादा, ती सगळी माझी करणी आहे. बादली मीच ओतत होतो."

"ठाऊक आहे. हिने रविवारीच सांगितलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझं नाव देऊ म्हणतोस साहेबाला?" दादाने चिंधी घट्ट केली. "आत येऊ नकोस. पाय फाटतील."

"फाटू देत," धाकटा म्हणाला आणि दुसरी खरवडणी घेऊन त्याच्यामागे पाइपात शिरला.