दमलेले पाय

दाजी गुरुजी वर्गात आले की फळ्याकडे बघत नसत, आमच्या पायांकडे बघत. खरंच सांगते. हजेरी नंतर, प्रार्थना नंतर, आधी पाय. "गो बायांनो, आज कोणाचे पाय जास्त दमले?"

आम्ही सोळा जणी. तेव्हा गावोगाव शाळा निघत होत्या, मास्तरणी मिळत नव्हत्या, म्हणून सातवी झालेल्या बायकांना मालवणात ट्रेनिंगला घेत. प्रत्येकीनं किती चालून आलो ते सांगायचं. जी सगळ्यांत लांबची, ती त्या दिवसाची पंच. संध्याकाळी गुरुजी तिच्यापुढे हात जोडून उभे राहत आणि विचारत, "इतक्या चलान इलंस. काय गावला, काय फुकट गेला?" काही मिळालं म्हटलं की सुट्टी, फुकट म्हटलं की तोच पाठ परत पहिल्यापासून.

आणि माझं नशीब बघा, सगळ्यांत लांबची मीच! चार मैल, मधे खाडीची होडी, ती भरतीलाच सुटणार, ओहोटीला चिखलात रुतून बसणार, आणि कडेवर दोन महिन्यांची बेबी. मी सासूबाईंसमोर तोंड उघडत नव्हते, आणि हे पांढऱ्या मिशांचे गुरुजी रोज मलाच विचारणार. पहिल्या दिवशी मी खाली मान घालून म्हटलं, "बरो झालो पाठ."

"भियान सांगतंस."

"नाय, गुरुजी."

"मग सांग, काय शिकवलंय?"

मला एक अक्षर आठवेना. बेबी मांडीवर घोरत होती. गुरुजींनी तिच्याकडे बोट केलं. "खरो पंच निजलो," म्हणाले आणि परत खडू उचलला. त्या दिवशी पंधरा जणींनी मला डोळ्यांनी खाल्लं.

शेवटी परीक्षा घ्यायला येणाऱ्या साहेबांसमोर प्रत्येकीचा पाठ होणार होता. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "पास झालंस तर मास्तरीण हो. नाय तर पुना उंबरो ओलांडूचो नाय."

सरावाला मी पुस्तकातला 'आगगाडी' हा धडा घेतला. सरावाला गुरुजी पोर होत. पाटी घेऊन पुढच्या चटईवर मांडी घालून बसत आणि म्हणत, "मी बाबलो. माका कायेक येना नाय." तसा बाबल्यानं हात वर केला.

"बाई, आगगाडी भरतीक सुटता काय ओहोटीक?"

मी पटकन म्हटलं, "भरतीक. नायतर रुतात."

कोणी हसलं नाही हो! कोणी आगगाडी बघितलीच नव्हती. आमच्यातल्या सुनंदानं तर ते वहीत उतरवून घेतलं. मागून एक म्हणाली, "आणि वल्हवूक तांडेल कितके?"

गुरुजी उठले. "गो, तू बगलंस आगगाडी?"

"नाय."

"मी पण बगूक नाय. मग ह्या सगळ्यांका घेवन चल्लंस खंय?" मी रडायच्या बेताला आले, तसे हळूच म्हणाले, "होडी रोज बगतंस मां? मग होडी शिकव."

साहेबांचा दिवस आला. साहेब खुर्चीवर, बाकीच्या जणी पोरं होऊन ओळीत, गुरुजी चटईवर बाबलो होऊन, बेबी सुनंदाकडे. मी उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं गेलं. एकच वाक्य डोक्यात उरलं, रोजचं. तेच म्हटलं. "बाळांनो, आज कोण किती चालून आलं?"

एक मैल, दोन मैल, तीन. फिरत फिरत चटईपाशी आले. "बाबल्या, तू रे?"

गुरुजींनी पाटी मांडीवर ठेवली. मग बारीक आवाजात म्हणाले, "सा मैल, बाई."

मला वाटलं, सोंगच. मग मी त्यांच्या पायांकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. पोटऱ्यांपर्यंत तांबडी धूळ, टाचा फुटलेल्या. आम्ही समजत होतो, ते शाळेच्या मागेच राहतात.

"कधी सांगितलं नाहीस?"

"कोण इचारूक नाय."

"आणि घराकडे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"घराकडे आता कोण नाय, बाई. ती होती तेव्हा इचारी."

साहेबांचं पेन थांबलं. आणि माझी भीती कुठं गेली देव जाणे. मी होडी शिकवली. भरती कशी ओळखायची, आधी कोणाला बसवायचं, वजन दोन्ही बाजूंना का लागतं. बाबल्यानं तीन वेळा अडवलं, तिन्ही वेळा मी उत्तर दिलं. मग रीतीप्रमाणं लांबच्या माणसापुढे हात जोडले.

"बाबल्या, सहा मैल चालून आलास. फुकट गेले?"

गुरुजी कोरी पाटी पुसत बसले होते. "नाय गो बाय," म्हणाले. "आज नाय."

साहेबांनी "पास" म्हटलं, आणि मी असा श्वास सोडला, असा, की सुनंदाच्या मांडीवरची बेबी दचकून उठली.

"पंच जागो झालो!" गुरुजी म्हणाले. तिच्यापाशी गेले, तिची ती कधी जमिनीला न लागलेली पावलं दोन्ही हातांत घेतली आणि विचारलं, "दमलंस काय गो?"